अंडरव्होल्ट करताय? जरा दमानं घ्या

एप्रिल-मेमध्ये नाशिकला दुपारी पारा चाळिशीला टेकतो, आणि माझा भाचा राहतो सिडकोत वरच्या मजल्यावर, स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेलाच. त्याच्या पीसीत एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, सोबत बॉक्समधला छोटा कूलर. गेम लावला की फॅनचा आवाज एवढा की ताई स्वयंपाकघरातून विचारायची, काय लावलंय रे. "मामा, नवीन कूलर घेऊ का?" म्हटलं थांब, आधी फुकटातला उपाय करून बघू.

पाच माणसं जेवायला असली तरी आपण सात जणांचा भात लावतो ना, प्रोसेसरचं तसंच आहे. एकाच मॉडेलच्या दोन चिपसुद्धा अगदी सारख्या निघत नाहीत, आणि चिप जुनी झाली, तापली तरी अडू नये म्हणून कंपनी व्होल्टेज थोडं वरचंच ठेवते. हे वरचं काढून घ्यायचं म्हणजे अंडरव्होल्ट. फायदा कसा तर क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, तोच ठेवला तर ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्यात जाणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.३ चा वर्ग १.६९, १.२ चा १.४४, म्हणजे व्होल्टेज ८ टक्केसुद्धा कमी केलं नाही आणि ही वीज जवळजवळ १५ टक्के वाचली. वीज वाचली म्हणजे तेवढी उष्णताही वाचली.

व्होल्टेज कमी केल्याने चिप जळत नाही, जास्त दिल्याने जळू शकते, म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, प्लस-मायनसचं चिन्ह दोनदा बघा. खरा धोका डेटाला आहे, कारण व्होल्टेज कमी पडलं की हिशोब चुकतो आणि चुकलेला हिशोब फाइलमध्ये सेव्हही होऊ शकतो. म्हणून फोटो, प्रोजेक्ट आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. पीसी चालूच झाला नाही तर घाबरू नका, क्लिअर सीमॉस केलं, म्हणजे बायोसमधली सेटिंग पुसली, की सगळं मूळपदावर येतं, पद्धत मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये असते.

बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सेटिंग असते, तिथे व्होल्टेज पायरी-पायरीने उतरवता येतं. आम्ही सगळ्या कोअरला, म्हणजे चिपमधल्या काम करणाऱ्या सगळ्या भागांना, मायनस १० दिलं. सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचा स्कोअर वाढला पण टेम्परेचर जवळपास तेवढंच, भाच्याचा चेहरा पडला. कारण असं की या चिपला ७६ वॅटची मर्यादा असते, फुल लोडला वाचलेली वीज ती क्लॉक वाढवण्यात वापरून टाकते. थंडावा हवा असेल तर पीपीटी नावाची ही मर्यादाही खाली आणावी लागते. आम्ही ६० केली आणि मग फरक पडला, स्कोअर जवळपास पहिल्याएवढाच आणि फॅन शांत.

मग हाव सुटली, मायनस २५ केलं. सिनेबेंच अर्धा तास चालला, ओसीसीटी ही पीसीवर ताण देणारी चाचणी पण पास, आणि रात्री नुसता ब्राउझर उघडा असताना पीसी आपोआप रिस्टार्ट. इथेच नवीन माणूस फसतो, त्याला वाटतं जास्त लोड म्हणजे अवघड परीक्षा, पण हलक्या कामात एखादाच कोअर सगळ्यात वरच्या क्लॉकवर उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज तोकडं पडतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची, म्हणजे हार्डवेअर चुकल्याची, एरर दिसली, आम्ही गुपचूप मायनस १५ वर आलो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की एका वेळी पाचच पायऱ्या उतरा आणि प्रत्येक पायरीवर दोन-तीन दिवस रोजचं काम करा, स्लीपमधून उठवून बघा, आणि स्कोअर लिहून ठेवा, कारण कधीकधी क्लॉक तेवढाच दिसतो पण स्कोअर घसरतो, तेही व्होल्टेज कमी पडल्याचंच लक्षण.

इंटेलच्या प्रोसेसरवाल्यांना यासाठी ऑफसेट, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजमधून थोडं वजा करायची सेटिंग, मिळतो, पण २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर बऱ्याच मशीनवर तो बंद केला गेला. तुमच्याकडे दिसत नसेल तर जुनं बायोस शोधत बसू नका, पॉवर लिमिट कमी करा, उन्हाळ्यापुरतं ते पुरतं.

आणि सेटिंगच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, बायोस अपडेट केलं की हे बहुतेक वेळा पुसलं जातं.