नैसर्गिक शेतीतल्या अन्नाने अ‍ॅलर्जी होत नाही?

‘फवारणी न केलेलं अन्न खा, अ‍ॅलर्जी होणारच नाही’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. फवारणीची काळजी रास्तच आहे, म्हणून तो पटतो. पण अन्नाच्या अ‍ॅलर्जीत आपली प्रतिकारशक्ती अन्नातल्याच एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते, आणि ते प्रथिन वनस्पतीने स्वतः बनवलेलं असतं. शेंगदाण्यात ती मुख्यतः साठ्याची प्रथिनं, म्हणजे अंकुराची शिदोरी. सफरचंद आणि पीचमधली काही प्रथिनं तर झाडाच्या संरक्षणव्यवस्थेतल्या कुटुंबांतली आहेत. बुरशी, जखम किंवा पाण्याचा ताण आला की झाड अशी प्रथिनं वाढवू शकतं. म्हणजे फवारणी नसली तरी ती असतातच. (सफरचंदातलं एक प्रमुख प्रथिन उष्णतेने मोडतं, म्हणून काहींना कच्चं सोसत नाही पण शिजवलेलं चालतं. पीचच्या सालीतलं मात्र शिजवूनही टिकतं.)

खात्री करायची तर त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा रक्तातल्या आयजीईची (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंडाची) तपासणी करता येते. नुसत्या अहवालावरून निदान होत नाही. काय खाल्लं आणि किती वेळात त्रास झाला, हेही डॉक्टरांना सांगावं लागतं. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून घरी थोडं खाऊन बघणं कृपया टाळा. तीव्र अ‍ॅलर्जीत कणभरही जिवावर बेतू शकतं.