कोकणातील जेन्शियन

जेन्शियन ही थंड डोंगराळ मुलखातली निळी रानफुले. जेन्शियाना प्रजातीत साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. आल्प्स, हिमालय आणि नैर्ऋत्य चीनमधील पर्वतरांगा ही त्यांची मुख्य ठिकाणे. कोकणात यांतली एकही जात रानात उगवत नाही. मात्र त्यांच्याच कुलातील (जेन्शिएनेसी) काही वनस्पती जांभ्याच्या सड्यांवर (सपाट कातळी पठारांवर) आणि बांधांवर उगवतात. गणपतीच्या सुमारास सडा बघायला येणारे सीतेची आसवं, गेंद आणि तेरड्याचे फोटो काढून परततात, या फुलांकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही.

पाहण्यासारखी प्रजाती एक्झाकम. एक्झाकम बायकलर (आता एक्झाकम टेट्रागोनममध्ये धरतात) हिचे खोड चौधारी, पाने समोरासमोर, फूल चार पाकळ्यांचे. पाकळ्या पांढऱ्या, टोकाला जांभळट निळ्या. मधोमध पिवळेजर्द परागकोश एका बाजूला झुकलेले असतात आणि स्त्रीकेसराची दांडी वळून दुसऱ्या बाजूला गेलेली असते. फुलात मध नाही. परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्र असते. मधमाशी फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवते तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसे पराग त्या छिद्रातून बाहेर पडतात. याच प्रजातीतली एक्झाकम लॉई ही जात ठेंगणी, जांभळ्या फुलांची आणि फक्त भारतातली आहे.

कॅन्स्कोरा (किलवर) पाऊस ओसरल्यावर ओलसर दगडांच्या फटीत, बांधावर दिसते. फुले फिकट गुलाबी, पाकळ्या असमान. चार पुंकेसरांपैकी एकच मोठा व कामाचा असतो. एनिकोस्टेमा (कडवी नाई) किनाऱ्यालगतच्या वाळवट जमिनीतही तग धरते. स्वर्शिया प्रजातीच्या जाती भेटायच्या तर घाट चढून वर सह्याद्रीच्या माथ्यावर जावे लागते. तळ्यात तरंगणारी कुमुदिनी (निम्फॉइडिस) जुन्या वनस्पतिसूचींत याच कुलात घातलेली सापडते. हल्ली तिचे कुल वेगळे मानतात.

कडूपणा ही या घराण्याची खूण. युरोपातील पिवळ्या जेन्शियनच्या मुळापासून कडू पेये व पाचक औषधे बनतात. त्यातील अमॅरोजेन्टिन हा निसर्गातल्या सर्वांत कडू पदार्थांत गणला जातो आणि हिमालयातील चिरायतातही तो असतो. कोकणात परसात वाढवून तापावर देतात ते ओले किराईत मात्र या कुलातले नव्हे, ते अडुळशाच्या कुलातले. तोंड आले की लावायचे जांभळे औषध, जेन्शियन व्हायोलेट, याचाही या फुलांशी संबंध नाही. तो कारखान्यात तयार होणारा रंग आहे.

सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर. पावसाळ्यात तिथे पाणी साचते आणि वैशाखात पाय ठेवता येत नाही. वर्षायू झाडे बी टाकून मोकळी होतात, म्हणून त्यांना हे जमते. सातबाऱ्यावर अशी जमीन पोटखराबा (लागवडीस अयोग्य) म्हणून लागते. त्यामुळे चिऱ्यांची खाण काढताना किंवा सुरुंग लावून आंबा-काजूची लागवड करताना तिथे काय उगवत होते हे कोणी विचारत नाही. ज्या कातळशिल्पांमुळे रत्नागिरी-राजापूरकडचे सडे नावारूपाला आले, त्यांच्या आसपासच ही झाडे वाढतात. शिल्पांसोबत भोवतालचा कातळ राखला तरच ती उरतील.

बागेतला जेन्शियन ही युरोपातील शैलोद्यानांची हौस. तिथे बुटक्या अकॉलिस जातीची आणि चीनमधून नेलेल्या सायनो-ऑर्नाटाची लागवड करतात. दुसरीला चुनखडीची माती मानवत नाही. जांभ्याची आम्ल माती तिला एक वेळ चालेल, पण कोकणातला दमट उकाडा चालणार नाही. शिवाय बऱ्याच डोंगरी जातींचे बी थंडीत राहिल्याशिवाय रुजत नाही. सड्यावरचे झाड उपटून कुंडीत लावण्यातही अर्थ नाही, कारण या कुलातील झाडांची मुळे जमिनीतल्या बुरशीच्या सोबतीने वाढतात आणि उपटताना ती सोबत तुटते. हौसच असेल तर सोकोत्रा बेटावरून आलेले पर्शियन व्हायोलेट (एक्झाकम अफिने) कुंडीत, सावलीत लावून पाहावे. मुंबई-पुण्याच्या फुलबाजारात गुलाबासारखा दिसणारा लिसिअँथस मिळतो, तोही याच कुलातला, मूळचा अमेरिकेतला.