रुपया घसरला की निर्यात आपोआप सुधारते का?

‘रुपया घसरला की कोकणचा माल परदेशात आपोआप चढ्या भावाने जातो,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. त्यात तथ्याचा अंश आहे, कारण त्याच डॉलरचे रुपये अधिक मिळतात. परंतु सिंधुदुर्गातील काजू कारखानदार आफ्रिकेतून कच्चा काजू आणत असेल, तर त्याचा खर्चही वाढतो.

शिवाय स्वस्त होणे आणि दर्जाने वर चढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला प्रवेश दिला, तो विकिरण प्रक्रियेच्या, म्हणजे किरणांच्या माऱ्याने फळातील कीड निष्प्रभ करण्याच्या अटीवर. रत्नागिरीच्या हापूसला तिथे पोहोचण्यासाठी त्या प्रक्रियेची सोय, कीडमुक्त बाग, शीतगृह आणि विमानात वेळेवर जागा लागते, आणि यांपैकी काहीही विनिमय दर पुरवत नाही. कोळंबीलाही बर्फ आणि प्रतिजैविकांचे अवशेष तपासणारी प्रयोगशाळा हवीच.

माल खरोखर चढ्या भावाने जातो का, याच्या पडताळणीसाठी सरकारी व्यापार आकडेवारीतील एखाद्या मालाचे निर्यातमूल्य वजनाने भागावे आणि अनेक वर्षांचे प्रतिकिलो दर शेजारी ठेवावेत. मूल्य डॉलरमध्येच घ्यावे, कारण रुपयातील आकडा नुसत्या घसरणीनेही फुगतो. जागतिक भावही बदलत असल्याने दुसऱ्या निर्यातदार देशाचा त्याच मालाचा दर सोबत पाहणे आवश्यक आहे.