"कडक गोळी" मागायची सवय आली कुठून

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात मेडिकलवर कोणी औषधाचं नाव सांगत नाही, "भाऊ, ताप हाय, कडक गोळी दे" एवढंच, आणि तो कात्रीनं पत्ता कापून दोन गोळ्या कागदात बांधून देतो. नाव राहतं दुसऱ्या तुकड्यावर. मागच्या पावसाळ्यात मोठ्या आईकडे अशा दोन पुड्या सापडल्या, एक गावातली एक तालुक्याची, गोळ्यांचा रंग वेगळा, पण दोन्ही दुकानांत जाऊन विचारलं तर दोन्ही अझिथ्रोमायसिन या एकाच अँटिबायोटिकच्या निघाल्या, आणि ती दोन्ही घेत होती.

नावांची ही गर्दी समजायला 1970 च्या पेटंट कायद्याकडे जावं लागतं. 1972 पासून तो लागू झाला, 2005 पर्यंत औषधावर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, मग आपल्या कंपन्या तेच औषध दुसऱ्या पद्धतीनं बनवू लागल्या, भाव उतरले, गरिबाचं भलं झालं, पण प्रत्येकानं आपापलं ब्रँडनाव लावलं. म्हणजे आपण ज्याला 'कंपनीचं औषध' म्हणतो तेही बहुतेक वेळा जेनेरिकच, म्हणजे मूळ शोधणाऱ्या कंपनीचं सोडून दुसऱ्यानं बनवलेलं तेच औषध असतं. 1975 ला सरकारनं नेमलेल्या हाथी समितीनं ब्रँडनावं हळूहळू काढा सांगितलं होतं, झालं नाही. 2008 ला स्वस्त जेनेरिक औषधांची सरकारी जनऔषधी दुकानं आली. 2023 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांवर चिठ्ठीत औषधाचं जेनेरिक, म्हणजे मूळ नावच लिहायची सक्ती आली आणि त्याच महिन्यात थांबवली, डॉक्टरांचं म्हणणं होतं की आधी क्वालिटीची खात्री द्या, आणि ते मला पटतं.

अँटिबायोटिकची गोष्ट जरा वेगळी. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलं होतं की कमी डोस घेतला तर जंतू मरायचे नाहीत, उलट औषधाला सरावतील. दोन गोळ्यांची पुडी म्हणजे तेच की. आणि साध्या सर्दीच्या व्हायरसवर तर या गोळ्या चालतच नाहीत.

पण खेड्यात अँटिबायोटिक देऊच नये असंही नाही, हे आपल्या गडचिरोलीनंच दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना, दायांना लहान लेकराचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, एका मिनिटात श्वास किती होतात ते मोजायचं, वेग जास्त असला तरच को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायचं, नुसत्या खोकल्याला नाही. बालमृत्यू कमी झाले, 1990 मध्ये ते 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकात छापून आलं. अक्षरओळख नसलेल्या दाईला जमलं ते!

1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 ही जपून विकायच्या औषधांची सरकारी यादी आली, त्यातलं औषध विकलं की डॉक्टर आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून 3 वर्षं जपायचं. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक त्यात आहे. अझिथ्रोमायसिन सुरुवातीच्या 46 औषधांत नव्हतं, त्याला डॉक्टरची साधी चिठ्ठी पुरते, आणि मोठ्या आईला ते दोन्हीकडे चिठ्ठीशिवाय मिळालं.