ट्रेपोनेमा पॅलिडम : बाह्यपटल प्रथिने

उपदंश (बोलीत गरमी) या रोगास कारण असलेल्या सर्पिल जंतूच्या सर्वांत बाहेरच्या पटलात रुतलेली प्रथिने. भावप्रकाशातील ‘फिरंग’ रोग तो हाच, असे सामान्यतः मानतात. फ्रिट्झ शाउडिन व एरिख होफमान यांनी १९०५ मध्ये हा जंतू शोधला.

या पटलात लिपोपॉलिसॅकराइड (अनेक जंतूंच्या बाह्यपटलातील मेद व शर्करा यांचे संयुग) नसते आणि ते इतके नाजूक असते की अपकेंद्रणाने (वेगाने फिरवून वेगळे करण्याने) किंवा सौम्य अपमार्जकानेही (साबणासारख्या द्रव्यानेही) फाटते. जुन्या प्रयोगांतील घोळाचे मूळ बहुधा येथेच आहे. १९८० च्या दशकात ४७ किलोडाल्टन (रेणुभाराचे एकक) भाराचे एक मेदप्रथिन (मेद जोडलेले प्रथिन) पृष्ठभागावरील प्रमुख प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ज्याला ओळखतात असा घटक, मानले जाई. १९८९ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी गोठवलेले जंतू फोडून, पटलाचे दोन थर मधोमध उकलून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील जंतूच्या पटलात दाटीने दिसणारे प्रथिनकण येथे अगदी तुरळक, सुमारे शंभरपटीने कमी, आढळले. जंतूवर यजमानाच्या प्रथिनांचा लेप असल्याने तो प्रतिपिंडांना दिसत नाही, हे जुने मत त्यानंतर मागे पडले. पुढे अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या सूक्ष्म थेंबांत जंतू बसवून, पटल शाबूत राखून प्रतिपिंडे लावली, तर ती ४७ किलोडाल्टनच्या प्रथिनापर्यंत पोहोचत नाहीत आणि अपमार्जक घालताच पोहोचतात, असे दिसले. म्हणजे ते प्रथिन आत दडलेले असते. रक्तचाचण्यांतील त्याची उपयुक्तता यामुळे उणावत नाही.

१९९८ मध्ये या जंतूच्या ‘निकोल्स’ नावाच्या प्रयोगशालेय वाणाचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) प्रसिद्ध झाल्यावर शोध जनुकांकडे वळला. ‘बामए’ हे पीपाच्या आकाराचे प्रथिन बाह्यपटलात असल्याबद्दल फारसा वाद नाही. बारा जनुकांच्या ‘टीपीआर’ (ट्रेपोनेमा पॅलिडम रिपीट) कुलातील ‘टीपीआर-के’ मात्र वादग्रस्त ठरले. त्याचे सात भाग परिवर्तनशील असून, जीनोममध्ये इतरत्र साठलेले तुकडे त्या जागी उतरवून जंतू त्यांचे रूप बदलतो. ते पृष्ठभागावर असते, असे १९९९ मध्ये मांडले गेले. २००१ मध्ये दुसऱ्या गटाने ते दोन पटलांमधील जागेत असल्याचे प्रतिपादिले. प्रतिपिंडांना न दिसणाऱ्या प्रथिनाने एवढी रूपे का पालटावीत, याचे समाधानकारक उत्तर दुसऱ्या मतात मिळत नाही, त्यामुळे पहिलेच अधिक ग्राह्य वाटते.

हा जंतू दीर्घकाळ केवळ सशांच्या वृषणांत वाढवावा लागे. सशाच्या पेशींसोबत तो प्रयोगशाळेत सातत्याने वाढवण्याची पद्धत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जनुकबदल त्यानंतरच शक्य झाले. ‘टीपीआर-के’साठी साठवलेले तुकडे काढून टाकलेल्या वाणाने सशांमध्ये सौम्य व्रण निर्माण केल्याचे २०२३ मध्ये नोंदवले गेले.