सीआयसीएसला बाहेरून जोडणी

सीआयसीएस ही आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या केंद्रीय संगणकावर, व्यवहार चालवणारी प्रणाली १९६९ साली बाजारात आली. परदेशातल्या कित्येक बँका आणि विमा कंपन्या आजही तिच्यावर चालतात, आणि पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमधून ते काम सांभाळणाऱ्यांत चिपळूण, गुहागर, कुडाळकडची मुले-मुलीही आहेत. गावच्या घरून काम करताना त्यांना मेनफ्रेम दिसते ती लॅपटॉपवरच्या एका काळ्या खिडकीत: २४ ओळी, प्रत्येकीत ८० अक्षरे. ही १९७१ च्या ३२७० टर्मिनलची, म्हणजे मेनफ्रेमला जोडलेल्या पडदा-कीबोर्डची, नक्कल. टीएन३२७० हा प्रोटोकॉल (संवादाचे ठरलेले नियम) तिला नेहमीच्या नेटवर्कवरून मेनफ्रेमपर्यंत नेतो.

हे टर्मिनल प्रत्येक कळ दाबली की मेनफ्रेमशी बोलत बसत नाही. एंटर दाबला की बदललेले रकाने एकदम जातात. तिकडचा प्रोग्रामही सहसा पडदा पाठवून संपलेला असतो. एंटर पोचल्यावर तो नव्याने सुरू होतो. म्हणून जूनच्या पहिल्या पावसात रकाने भरता भरता लाईट जाऊन वायफाय बंद पडले, तरी तिकडे कुणाची नोंद अडकून राहत नाही. टाइप केलेले तेवढे वाया जाते. एंटर दाबून झालाय, तळाच्या ओळीत एक्स आणि घड्याळाची खूण (उत्तराची वाट पाहा) आहे, आणि तेवढ्यात रेंज गेली, तर मात्र जपावे. व्यवहार पुरा होतो किंवा पुरता मागे घेतला जातो, पण दोन्हींपैकी काय झाले ते इकडे कळलेले नसते. पुन्हा लॉगिन करून आधी नोंद पाहावी, नाहीतर तीच रक्कम दोनदा जायची.

माणसाऐवजी बाहेरच्या प्रोग्रामला सीआयसीएसशी बोलायचे तर त्याच्या वाटांपैकी दोन अशा. ईपीआय हा जोडणीचा इंटरफेस वापरून तो टर्मिनल असल्यासारखा वागतो आणि पडद्यावरचे वाचतो. कुणी रकाना दोन घरे सरकवला तरी हे काम बिघडू शकते. ईसीआय हा दुसरा इंटरफेस वापरून तो थेट सीआयसीएसमधल्या प्रोग्रामला नावाने बोलावतो आणि कॉमएरिया या मेमरीतल्या सामाईक जागेतून माहिती देतो-घेतो. या दोनपैकी नवीन कामाला हीच वाट धरावी. कॉमएरियाची मर्यादा सुमारे ३२ किलोबाइट. त्याहून मोठ्या माहितीसाठी २००५ मध्ये कंटेनर (माहितीचे नाव दिलेले तुकडे) आणि त्यांचा गठ्ठा म्हणजे चॅनेल आले. मेनफ्रेमवरच्याच बॅच जॉबसाठी, म्हणजे पडद्याशिवाय एकगठ्ठा चालणाऱ्या कामासाठी, ईएक्ससीआय हा इंटरफेस आहे.

सगळ्यात जास्त चुका अक्षरांच्या रूपांतरात होतात. अक्षरांना आकडे देण्यासाठी मेनफ्रेम एबसिडिक ही पद्धत वापरते, बाहेर आस्की. नावे, पत्ते बदलून घ्यावेत; पॅक्ड डेसिमल, म्हणजे दाबून साठवलेल्या, आकड्यांना हात लावू नये. तिथे ५ हा आकडा सोळाच्या पायावरच्या लेखनात ‘५सी’ असा साठवतात; शेवटचे अक्षर अधिक-उणे दाखवते. एबसिडिकमध्ये ‘५सी’ म्हणजे तारकाचिन्ह. अक्षर समजून ते आस्कीत नेले की ‘२ए’ होते, आणि आकडा म्हणून परत वाचले की ५ चे २ झालेले असतात, तेही कुठलाही एरर न येता.