सेवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार

एका देशाच्या रहिवाशाने दुसऱ्या देशाच्या रहिवाशाला मोबदला घेऊन सेवा पुरवली की सेवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार घडतो. मालवाहतूक, पर्यटन, विमा, बँकिंग, दूरसंचार, संगणक सेवा, व्यावसायिक सल्ला, शिक्षण, वैद्यकीय उपचार आणि पेटंट किंवा ट्रेडमार्क वापरण्याचे शुल्क असे एकमेकांशी फारसे न जुळणारे व्यवहार या एकाच सदराखाली येतात. 2023 मध्ये जगातील व्यापारी सेवांची निर्यात सुमारे 7.5 लाख कोटी डॉलर होती, म्हणजे वस्तू आणि सेवा मिळून झालेल्या निर्यातीचा जवळपास चौथा हिस्सा. 2005 ते 2017 या काळात सेवांचा व्यापार वर्षाला सरासरी 5.4 टक्के आणि वस्तूंचा 4.6 टक्के दराने वाढला.

सेवा परदेशी विकता येते ही कल्पना रुजायला बराच काळ लागला, आणि त्याचे कारण सेवेच्या स्वरूपातच आहे. गहू पिकतो एका जागी, खाल्ला जातो दुसऱ्या जागी आणि मधल्या काळात कोठारात राहतो; पण केस कापून घ्यायचे तर डोके आणि कात्री एकाच खोलीत, एकाच वेळी हवी. मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी 1984 मध्ये दाखवून दिले की तंत्रज्ञानामुळे काही सेवा त्या देणाऱ्या माणसापासून सुट्या होतात आणि एखाद्या वस्तूप्रमाणे प्रवास करू लागतात. क्ष-किरण तपासणीचे चित्र तारेवरून पाठवता आले की ते वाचणारा डॉक्टर रुग्णाच्या गावात असण्याची गरज उरत नाही. या व्यापाराची अलीकडची बहुतेक वाढ अशा सुट्या झालेल्या सेवांचीच आहे.

त्याआधी सेवांची देवघेव नव्हती असे मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात जहाजभाडे, विमा आणि बँकिंग यांतून लंडनची मोठी कमाई होई व तिला ‘अदृश्य’ उत्पन्न म्हणत. हिंदुस्थानच्या बाजूने पाहिले तर हेच अदृश्य खाते खर्चाचे होते. गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च आणि कर्जावरील व्याज यांसाठी दरवर्षी ‘होम चार्जेस’ पाठवावे लागत आणि वस्तूंच्या निर्यातीतून उरलेले आधिक्य त्यात जाई. दादाभाई नवरोजी यांच्या संपत्ती अपहरणाच्या मांडणीचा हा एक मुख्य आधार होता. यातील व्याजासारख्या रकमा आजच्या व्याख्येत सेवा ठरणार नाहीत, पण आजचे चित्र नेमके उलटे आहे हे नोंदवण्याजोगे आहे: भारत वस्तूंच्या व्यापारात तुटीत असतो आणि सेवांतील आधिक्य त्या तुटीचा मोठा भाग भरून काढते.

‘सेवांचा व्यापार’ हा शब्दप्रयोग धोरणांच्या भाषेत आला तो 1972 मध्ये, आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या एका तज्ज्ञगटाच्या अहवालातून. पुढे अमेरिकेने, तेथील बँका आणि विमा कंपन्यांच्या आग्रहामुळे, हा विषय गॅट या वस्तू व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या वाटाघाटींत आणण्याचा प्रयत्न सुरू केला. 1986 मध्ये उरुग्वेतील पुंता देल एस्ते येथे नवी फेरी सुरू झाली तेव्हा भारत आणि ब्राझील यांनी सेवांच्या समावेशाला कडवा विरोध केला. अखेर सेवांच्या वाटाघाटी वस्तूंपासून वेगळ्या मार्गाने चालवण्यावर तडजोड झाली. आपल्या बँका आणि विमा क्षेत्र परदेशी कंपन्यांच्या हाती जाईल ही भारताची भीती त्या काळी अवाजवी नव्हती. मात्र पंधरा-वीस वर्षांतच त्याच व्यासपीठावर सेवांची दारे आणखी उघडा, अशी मागणी भारत करू लागला. या फेरीतून निघालेला सेवा व्यापारविषयक सर्वसाधारण करार, म्हणजे गॅट्स, 1 जानेवारी 1995 पासून जागतिक व्यापार संघटनेबरोबरच अमलात आला.

गॅट्सने सेवापुरवठ्याचे चार प्रकार मानले आहेत. पहिल्यात सेवा सीमा ओलांडते आणि माणसे जागेवर राहतात, जसे पुण्यात लिहिलेला प्रोग्राम न्यूयॉर्कच्या बँकेत चालतो. दुसऱ्यात ग्राहक सेवेकडे येतो. त्यामुळे गोव्यात कळंगुटच्या किनाऱ्यावरील शॅकवर बसून ब्रिटिश पर्यटकाने खाल्लेली मासळीची थाळी ही भारताची निर्यात ठरते, जरी ताटातील एकही तुकडा देशाबाहेर गेलेला नसला तरी. तिसऱ्यात पुरवठादार कंपनी दुसऱ्या देशात शाखा किंवा उपकंपनी उघडते आणि चौथ्यात सेवा देणारी व्यक्ती स्वतः तात्पुरती तिकडे जाते. तिसरा प्रकार धरला तर 2017 मध्ये सेवांचा व्यापार 13.3 लाख कोटी डॉलरवर जातो, आणि त्यातला जवळपास 60 टक्के वाटा या एकट्या प्रकाराचा असतो. चौथ्याच्या वाट्याला जेमतेम 3 टक्के येतात.

भारताचा अनुभव या चारांपैकी चौथ्याकडून पहिल्याकडे सरकण्याचा आहे. 1968 मध्ये मुंबईत सुरू झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, 1973 मध्ये अंधेरीत उभे राहिलेले सीप्झ हे निर्यात क्षेत्र आणि 1981 मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस यांच्या आरंभीच्या काळात निर्यात म्हणजे मुख्यतः माणसे ग्राहकाच्या कार्यालयात धाडणे होते. या धंद्याला हिणवून ‘बॉडी शॉपिंग’ म्हणत, आणि ‘ऑनसाइटला जाणे’ हा शब्दप्रयोग पुण्यातील घराघरांत त्यातूनच पोचला. 1985 मध्ये बंगळुरात आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने तेथून उपग्रहामार्फत थेट दुवा जोडला. 1991 मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था निघाली. पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर ही तिची सुरुवातीची केंद्रे होती, आणि छोट्या कंपनीला न परवडणारी उपग्रह जोडणी तिने सामायिक सोय म्हणून देऊ केली. करसवलतींपेक्षा हीच सोय अधिक निर्णायक ठरली असे म्हणता येईल. त्यानंतर संगणक प्रणालींतील 2000 सालच्या तारखांच्या दुरुस्तीचे प्रचंड काम आले आणि समुद्रतळाच्या ऑप्टिकल फायबर केबलांनी दळणवळणाचा खर्च कोसळवला. घड्याळाचाही हातभार लागला: पुण्याच्या हिंजवडीत संध्याकाळी साडेसहाला कॉल सुरू होतो तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात, त्यामुळे एका बाजूने दिवसभरात संपवलेले काम दुसऱ्या बाजूला कामाच्या आरंभीच हाती पडते. 1990-91 मध्ये साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास असलेली भारताची सेवा निर्यात 2023-24 मध्ये सुमारे 341 अब्ज डॉलरवर गेली. तिच्यात सॉफ्टवेअर सेवांचा वाटा जवळपास निम्मा आहे आणि सेवांतील आधिक्याने त्या वर्षी वस्तू व्यापारातील तुटीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग भरून काढला.

या आकड्यांमागची मोजणी मात्र नाजूक असते. वस्तूंचा कंटेनर बंदरातून जातो आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या नोंदीत सापडतो. तारेवरून गेलेल्या प्रोग्रामला जकातनाका लागत नाही. म्हणून भारतात सॉफ्टवेअर निर्यातदाराला सॉफ्टेक्स अर्जात बिलाचे मूल्य जाहीर करून ते प्रमाणित करून घ्यावे लागते. घरबसल्या परदेशी ग्राहकाचे संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या खात्यात डॉलर आले की बँक ‘पर्पज कोड’, म्हणजे पैसे कशासाठी आले याचा संकेतांक, विचारते, आणि चुकीचा कोड पडला तर ती निर्यात कुटुंबाच्या खर्चासाठी आलेल्या रकमेत मोजली जाऊ शकते. नोंदीचे नियमही कधी गोंधळात टाकतात. न्हावा शेवाला उतरलेले यंत्र वस्तूंच्या आयातीत जाते, पण ते आणणाऱ्या परदेशी जहाजाचे भाडे सेवांच्या आयातीत. त्याच जहाजावर काम करणाऱ्या गोव्याच्या तारवट्याचा पगार सेवा निर्यातीत नव्हे, तर प्राथमिक उत्पन्न या वेतन, व्याज अशा मिळकतींच्या वेगळ्या सदरात धरला जातो.

सेवांवर सीमेवर कर बसत नाही. अडथळे असतात ते परवाने, पात्रतेची मान्यता, परकीय गुंतवणुकीच्या मर्यादा आणि व्हिसा यांचे. त्यांतला व्हिसाचा सर्वांत कडक. कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या अमेरिकेच्या एच-1बी व्हिसाची वार्षिक मर्यादा 2001 ते 2003 या वर्षांत 1,95,000 होती. 2004 पासून ती पुन्हा मूळ 65,000 वर आली आणि त्यानंतर तेथील पदव्युत्तरांसाठी 20,000 ची वेगळी सोय झाली. भांडवलाच्या प्रवेशासाठी आग्रह धरणारे देश माणसांच्या प्रवेशाबाबत हात आखडता घेतात, ही विकसनशील देशांची जुनी तक्रार आकड्यांच्या कसोटीवर टिकते.

2020 च्या साथीत माणसांच्या हालचालीवर अवलंबून असलेल्या आणि नसलेल्या सेवांतील फरक ठळक झाला. त्या वर्षी जागतिक पर्यटनाची कमाई साठ टक्क्यांहून अधिक घसरली, तर संगणक सेवांची निर्यात वाढली. 2023 मध्ये संगणकीय जाळ्यावरून पोचवलेल्या सेवांची निर्यात सुमारे 4.25 लाख कोटी डॉलर, म्हणजे एकूण सेवा निर्यातीच्या निम्म्याहून अधिक होती. अशा इलेक्ट्रॉनिक प्रेषणांवर सीमाशुल्क न लावण्याचा तात्पुरता ठराव जागतिक व्यापार संघटनेने 1998 मध्ये केला आणि नंतरच्या मंत्री परिषदांनी त्याला वारंवार मुदतवाढ दिली. पूर्वी वस्तू म्हणून येणाऱ्या तबकड्या आणि पुस्तके आता तारेवरून येत असल्याने त्यावरील महसूल बुडतो, हा भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा त्यावरील आक्षेप आहे.